जिवंत वर्ग

दीडशे वर्षं जुनी ती शाळा पाहून निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना अगदी भरून आलं. पडक्या इमारतीला पुन्हा उभारी देऊन ती पाहुण्यांना बघायला खुली करणारा वास्तुरचनाकार स्वतः हिंडून सगळं दाखवत होता. दगडी कमानी, उंच छत, आणि वारा आत यावा पण मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून डोक्याच्या वर ठेवलेल्या खिडक्या. "हल्लीच्या शाळा म्हणजे नुसती खुराडी हो बाई," तो तिसऱ्यांदा म्हणाला आणि बाईंनी तिसऱ्यांदा मान डोलावली.

शेवटच्या दालनात तर त्याने कमालच केली होती. जुन्या लाकडी बाकांवर, जुन्या पद्धतीचे गणवेश घालून, वीसेक मुलं एका सुरात पाढे म्हणत होती. "नुसत्या भिंती बघायला कोण येतंय? इमारत जिवंत वाटली पाहिजे," तो म्हणाला. पाहुणे फोटोंवर फोटो काढत होते.

बाईंमधली शिक्षिका काही स्वस्थ बसेना. पहिल्या बाकावरच्या मुलीने छातीशी पाटी धरली होती आणि पाटीवर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'विद्या हेच खरे धन'.

"वाच बघू बाळ, काय लिहिलंय?"

मुलीने पाटी स्वतःकडे वळवली आणि अक्षरांवरून नुसतंच बोट फिरवलं.

"वाचता येत नाही? अगं, शाळेत जात नाहीस का?"

पुढच्या पाहुण्यांसाठी पाटी सरळ करत मुलगी म्हणाली,



"कधी जाणार, बाई? दिवसभर इथं वर्गात बसावं लागतं."