गॅरंटीची मोटार

बैलजोडी विकून अमरसिंगानं नागपुरातून नवीकोरी मोटार घेतली, आणि ढाणकीचं घर गाठायच्या आत ती दारव्ह्यापाशी बंद पडली. कंपनीबाहेरच्या मेस्त्रीनं हात लावला की गॅरंटी संपली, म्हणून तो कुणाला बॉनेट उघडू देईना. जवळच्या गावापर्यंत ओढायला तिथल्याच एका शेतकऱ्याकडं बैल मागितले, तर तो म्हणाला, “उद्या पोळा हाय, भाऊ. तूप-हळदीनं बैलाईचे खांदे शेकून झाले. आता जू कोण ठेवते?”

शेवटी अमरसिंगानंच दोर खांद्यावर घेतला. त्याची बायको रुपीबाई आत चाक धरून बसली.

गावात पोचल्यावर तिनं त्याच शेतकऱ्याच्या घरून उरलेलं तूप नि हळद मागून आणली, नवऱ्याचे खांदे शेकले आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना म्हणतात तेच हळूच म्हणाली,

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”