मधल्या रांगेतला प्रेक्षक

सगळे दचकले आणि मधल्या रांगेतला एकजण हसला.

प्रेक्षागृहाला लागून असलेल्या खोलीत बसून ती हे बघत होती. सिनेमा तिनेच कापून-जोडून उभा केलेला. नायक गुप्तहेर, त्याच्या मनगटावर असं घड्याळ, की किल्ली उलटी फिरवली की काळ मागे जातो. लोक खुर्चीला खिळून राहतील, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. अर्धे गोंधळतील आणि उरलेले घोरतील, असं तिचं. खरंखोटं करायला आज अनोळखी माणसं बोलावून त्यांच्यासमोर सिनेमा लावला होता. पडद्याखाली अंधारात बघणारा कॅमेरा होता. इकडे तिच्या मॉनिटरवर प्रेक्षकांचे हिरवट चेहरे दिसत होते आणि हेडफोनमध्ये त्यांचे खोकले ऐकू येत होते. कोण कुठे दचकतं, कोण कुठे जांभई देतं, यावर नजर ठेवायची. शंका आली तर चित्र मागे नेऊन पुन्हा बघायचं. हेच तिचं आजचं काम.

सिनेमात आता एक बाई पलंगाखाली लपली होती आणि जड बूट पलंगाकडे येत होते. सगळ्यांचे हात तोंडावर गेले. तो मात्र हसला. मग त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

हात उगारण्याआधी घड्याळ काढून ठेवायची सवय तिने जगात एकाच माणसाला पाहिली होती. काच महागाची होती ना.

तिने चित्र मागे नेलं. पुन्हा बघितलं. पुन्हा मागे नेलं. दाढी नवी होती, हसू जुनंच. नसेलही तो, म्हणून पुन्हा एकदा मागे. लग्नानंतर तो तिला न्यायला स्टुडिओत यायचा, तेव्हा मागे उभा राहून टोमणा मारायचा, "झालं का तुझं उगाळून? तेवढ्यात माणूस घरी जाऊन, जेवून, झोपलासुद्धा असता."

तोच होता.

तिने घर सोडलं होतं, गाव बदललं होतं, फोन बदलला होता. कोर्टाने लेक तिच्याकडे दिली त्या दिवशी जिन्यात तो अगदी शांतपणे म्हणाला होता, "ने. एक दिवस येईन आणि ठकीला घेऊन जाईन. तुला कळणारसुद्धा नाही."

आणि शाळेला सुट्टी म्हणून ठकी आज इथेच होती. वरच्या मजल्यावर, मावशीबरोबर, चित्रं रंगवत.

तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि बहिणीला फोन लावला.

"ठकीला घेऊन नीघ. आत्ताच्या आत्ता."

"अगं, सिंहाची आयाळ राहिलीये अजून. रडून गोंधळ घालेल ती."

"तो आलाय."

मग बहीण कुजबुजली, "ताई, जिना तर प्रेक्षागृहाच्या दारावरूनच जातो. समोर आला म्हणजे?"

"आत बसलाय तो. माझ्या डोळ्यांसमोर. मी नजर हटवत नाही. हलला की लगेच सांगते. फोन ठेवू नकोस."

"नक्की ना?"

"बघतेय म्हटलं ना!"

फोनमधून पावलं ऐकू येऊ लागली. दोन मोठी, दोन छोटी. मॉनिटरवर त्याने कान खाजवला. पाय लांब केले. तिने पापणीसुद्धा लवू दिली नाही.

"मावशी, माझा बूट निघतोय."

"निघू दे, राणी. चल पटपट."

तो मागे रेलला. बस, तिने मनात म्हटलं. बसून राहा. आयुष्यात एवढी एक गोष्ट माझ्यासाठी कर.

इतक्यात भिंत हादरली. सिनेमातला पूल उडाला होता. तो स्फोट तिने स्वतः कितीदा तरी जोडला-तोडला होता, तरी ती दचकली. मॉनिटरवर मात्र कुणी हललं नाही. कडेच्या खुर्चीतल्या बाई सावकाश गोळीचा कागद सोडवत होत्या. तिला आधी दिग्दर्शकाची दया आली. एवढा मोठा पूल उडाला आणि बिचाऱ्यासाठी कुणाची मानही वर झाली नाही.

मग तिच्या लक्षात आलं, की हेडफोनच्या कानात स्फोट झालाच नव्हता. तिथे अजून पलंगाकडे येणारे बूट वाजत होते.

मॉनिटरच्या कोपऱ्यातला लाल ठिपका विझलेला होता. चित्र मागे नेऊन तिने ते तिथूनच चालू केलं होतं. थेट चित्रावर परत यायचं राहूनच गेलं होतं. इतका वेळ ती मघाचा माणूस राखत बसली होती.

तिने बटण दाबलं. लाल ठिपका उजळला. सगळे प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर आले होते. कुणी तोंड झाकलं होतं, कुणी शेजाऱ्याचं मनगट धरलं होतं. दिग्दर्शकाला हवं होतं, अगदी तसं.

मधल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती.

"मागे फीर!" ती फोनमध्ये ओरडली. "वर जा! वर—"

फोनमधली मोठी पावलं थांबली होती. छोटी मात्र धावत सुटली.

"बाबा! तू पण सिनेमा बघायला आलास?"

तिचं बोट बटणावर कधी गेलं, तिचं तिलाही कळलं नाही. मॉनिटरवर तो दारातून उलटा चालत आत आला, मधल्या रांगेत शिरला आणि निमूटपणे आपल्या खुर्चीत जाऊन बसला.