गराशाची जागा

तिसऱ्यांदा आखलेल्या चुलीवरही गराशा येऊन बसला, तेव्हा जमनीनं घुंगटाच्या आत कपाळावर हात मारून घेतला.

सकाळपासून हेच चाललं होतं. गुरांच्या कोठ्याचं घर करायचं होतं. वाटणीत घर थोरल्या खेमसिंगनं घेतलं आणि धाकट्या धरमसिंगच्या, म्हणजे जमनीच्या नवऱ्याच्या, पदरात कोठा पडला. लोहाऱ्याचा घनश्याम मिस्त्री उजाडताच तांड्यावर आला होता. बैल आंब्याखाली नेऊन बांधले, शेण खरवडून काढलं आणि मिस्त्रीनं राखेनं भुईवर रेघा ओढल्या. ही खोली, ही ओसरी, ही चूल. मृग लागला की ज्याची चूल त्यानं पाहावी, असं थोरल्या जावेनं बजावून ठेवलं होतं. मृगाला उरले होते वीस दिवस. आठ वर्षं दुसरीच्या चुलीवर, दुसरीच्या मर्जीनं भाकरी थापून जमनीचा जीव विटला होता. केसातल्या चांदीच्या घुगऱ्या मोडून तिनं सागाची चौकट आणि छपरासाठी हजार कवेलू आणवले होते. आता मिस्त्रीचा अडीच रुपयांचा रोज बसल्या जागी बुडत होता.

अडचण एकच होती आणि तिला चार पाय होते. गराशा म्हणजे देवाच्या नावानं सोडलेला बैल. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून तांडे मुलूखभर फिरायचे, तेव्हा असा एक बैल सगळ्यांच्या पुढं चालायचा आणि दिवस कलताना तो बसेल तिथं मुक्काम पडायचा. ते फिरणं केव्हाच संपलं, फिरणारे शेतकरी झाले, पण रीत काही सुटली नाही. गराशाला जुंपायचं नाही, मारायचं नाही, बसला तर उठवायचं नाही. आयतं खाऊन खाऊन या देवाच्या अंगावर माशी ठरत नव्हती.

आणि रीत सांभाळायला सासरा देवसिंग होताच. मिस्त्रीनं पहिली चूल उगवतीच्या कोपऱ्यात आखली. म्हातारा काठी टेकत तिथं गेला, रेघांकडं पाहून नाराजीनं जिभेनं च्यक्‌ च्यक्‌ केलं आणि उभा राहिला. पाठोपाठ गराशा डुलत आला आणि राखेवर फतकल मारून बसला. आता इथं चूल कशी होईल, असं म्हातारा मिस्त्रीलाच विचारू लागला. मिस्त्रीनं चूल मागच्या भिंतीला नेली. म्हातारा तिथं. च्यक्‌ च्यक्‌. गराशा तिथं. दाराजवळही तेच. धरमसिंगनं गुळाचा खडा पुढं केला. बैलानं बसल्या बसल्या गूळ खाल्ला आणि रवंथ करू लागला. बापापुढं धरमसिंगची जीभ तशीही टाळूला चिकटायची. तो मिस्त्रीकडं बघायचा, मिस्त्री आढ्याकडं.

सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नसतं. म्हणून जमनी मिस्त्रीशी बोलली, पण बोलणं कोणासाठी होतं ते बैलालाही कळलं असतं.

"मिस्त्री, मामाजीले इचारा, घर मानसाचं करून राह्यलो का बैलाचं?"

मिस्त्रीला विचारावं लागलं नाही. म्हातारा भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला, "कोठा त्याचा आहे. मानसं मांगून आले."

जमनीच्या अंगाची लाही लाही झाली. बोलून उपयोग नाही, निदान कोठा तरी रिकामा करावा, म्हणून तिनं कोपऱ्यातली म्हाताऱ्याची खाट ओढली. वर घोंगडी, चिलीम, पितळी लोटा. वाटणी झाल्यापासून म्हातारा इथंच, गराशाच्या शेजारी निजत होता. खाट थोरल्या भावाकडं नेऊन टाका, असं तिनं नवऱ्याला हळूच सांगितलं.

धरमसिंग जागचा हलला नाही. मान खाली घालून पुटपुटला, "दादा म्हन्ते, त्याच्याकडं जागा नाही. मांगच्या बाजारीच सांगतलं."

"आन हे मले आता सांगता?"

जमनीनं रेघांकडं पाहिलं. खोलीत ती, नवरा आणि चार पोरं. ओसरीत नांगर, वखर, कापसाचा ढीग. तीनदा घर आखून झालं, आणि तीनही घरांत ही खाट कुठंच नव्हती. मिस्त्रीला कोणी सांगितलं नव्हतं, तिनंही नाही. म्हातारा गराशाची मान खाजवत होता. त्यानं ऐकलं होतं का, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

तिला सगळ्यांचाच संताप आला. थोरल्याचा, नवऱ्याचा, म्हाताऱ्याचा आणि स्वतःचाही. तिनं मिस्त्रीच्या हातातली राखेची टोपली हिसकली आणि स्वतःच वाकून रेघा ओढू लागली.

"चूल उगवतीलेच, पयले होती तिथं. ओसरीतून साडेतीन हात कापा. तिथं मामाजीची खाट. गराशा त्यायच्या बाजूले, पडवी काढून. कवेलू कमी पडन तं पडन. आन सांगून ठेवा मामाजीले, धूर लागन. मंग कुरकुर नाही पायजे."

म्हातारा उठला. नव्या चौकोनापाशी आला, काठी आडवी ठेवून त्यानं लांबी मापली आणि मग दाराकडं तोंड करून जिभेनं च्यक्‌ च्यक्‌ केलं.

गुळालाही न उठलेला गराशा उठला. राखेच्या रेघा ओलांडून आला आणि जमनीनं दाखवलेल्या जागी, खाटेच्या बाजूला, निमूट बसला.

जमनीचा राखेचा हात तसाच राहिला. ती म्हाताऱ्याकडं बघत होती आणि म्हातारा मिस्त्रीकडं.

"बसून कायले राह्यले, मिस्त्री?" तो म्हणाला. "मृग तोंडावर आला."