पायाशी निळा उजेड

विपुलचं डोकं गाडीच्या स्टिअरिंगखाली होतं आणि पाय रस्त्यावर.

"भाऊ, रंग सांगा," तो आतूनच ओरडला. "लाल, निळा का पांढरा? एकदा पट्टी चिटकवली का मंग बदलाले जमत नाही."

नितेश फोन घेऊन दुकानाबाहेर गेला आणि जरा वेळानं परत आला. "निळा."

"वहिनीले इचारलं वाटते!"

"इचारा लागते ना, भाऊ," नितेश हसला.

बाकावर बसलेले त्याचे वडील, नत्थुजी, रस्त्यावरची वाहनं पाहत राहिले. ते फवारणीचा पंप दुरुस्त करायला नांदगाव खंडेश्वरहून सकाळीच अमरावतीत आले होते. पंपाचं काम आटोपल्यावर नितेशनंच त्यांना या दुकानात बोलावलं होतं. गाडीत पायाशी एलईडी लाइट लावून घ्यायचे, मग गाडीतूनच त्यांना स्टँडवर सोडायचं, असा बेत होता.

दिवाळीत नितेशनं बॉनेटला टेकून काढलेला फोटो घरी पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'आपली गाडी'. त्याच्या आईनं, कौशल्याबाईंनी, तो फोटो गल्लीभर दाखवला आणि मारुतीसमोर नारळ फोडला. नत्थुजी फोनवर फक्त "बरं" म्हणाले. ते 'बरं' नितेशला अजून सलत होतं. पोरानं परीक्षेत पहिला नंबर आणावा आणि बापानं पान उलटून पुढचं वाचावं, तसं झालं होतं. आज बापाच्या तोंडून गाडीबद्दल एक चांगला शब्द ऐकायचाच, हे त्यानं पक्कं केलं होतं. दुसरं त्याला काही नको होतं.

"कंपनीची वायर कापू नका हं," त्यानं पुन्हा बजावलं. "आन भोक तं एकही नको."

"अरे भाऊ, फ्यूजमधून सप्लाय घेतला. दार उघडलं का लागन, बंद केलं का हळूहळू इझन. उद्या काढून टाकली तरी निशाणी राहत नाही."

"तेच पाहिजे."

गाडीला एवढं जपणारं गिऱ्हाईक विपुलनं क्वचितच पाहिलं असेल. तो तसं म्हणालाही. नितेशला बरं वाटलं.

काम झालं तेव्हा दिवस मावळायला आला होता. विपुलनं दार उघडलं आणि गाडीच्या तळाशी निळा उजेड पसरला. बाकावर एक नवं जोडपं ताटकळत बसलं होतं. त्यातली बाई "किती छान!" म्हणाली.

"बसा, काकाजी," विपुल म्हणाला. "पयला मान तुमचा."

नत्थुजी उठले. त्यांनी चपला काढल्या, एकमेकींवर आपटल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या. मग दाराला न धरता, एका पायावर तोल सावरत, दुपट्ट्यानं दुसऱ्या पायाचा तळवा पुसला. मग पाय बदलून पहिल्याचाही. बाकावरच्या बाईनं तोंडाला पदर लावला. तिचा नवरा उघडउघड हसला.

नितेशचे कान तापले. "बाबा, घाला ना चप्पल! देऊळ हाय काय हे?"

"राहू दे. पाय भरले हायेत."

ते सीटच्या अगदी काठावर बसले. पिशवी मांडीवर घेतली आणि पाय खाली टेकू न देता अधांतरी धरले. नव्या उजेडात टाचांच्या भेगा आणि त्यांत बसलेली काळी माती लख्ख दिसत होती. हौसेनं लाइट लावून घेतले, तर पहिलं दर्शन याचं झालं. नितेशला बापाची लाज वाटली, आणि लाज वाटली याची त्याहून जास्त लाज वाटली. त्यानं घाईघाईनं दार लावलं.

रस्त्यात त्यानं विचारलं, "कशी वाटते गाडी?"

"तू पुढं पाह्य."

"एसी लावू काय?"

"नको. सांभाळून चालव."

नितेशनं मग विचारणं सोडून दिलं. आयुष्यभर राबलेल्या माणसाला पोराचं कौतुक करायला एवढं जड का जावं, तेच त्याला कळेना. त्याला रडू आल्यासारखं झालं.

स्टँडवर गाडी थांबली. समोरच गावचा देवमन पिशव्या घेऊन उभा होता.

"काय नत्थुजी! आज पोराच्या गाडीत!"

"मंग!" नत्थुजी खाली उतरत मोठ्यानं म्हणाले. "पोराची गाडी हाय. हे पाह्य, पायापाशी लाइट लावली त्यानं. लय जपते गाडीले."

देवमन वाकून पाहू लागला. आणखी दोघं-तिघं डोकावले. "लय भारी!" म्हणत देवमन जागा धरायला बसकडे पळाला. नितेश गाडीपाशी ताठ उभा राहिला. इतक्या महिन्यांनी शब्द मिळाला होता, आणि तोही चारचौघांत. डिक्कीतून पंप काढताना त्याचे डोळे भरून आले.

तो पंप घेऊन वळला, तर नत्थुजी उघड्या दाराशी गुडघे टेकून बसले होते आणि दुपट्ट्यानं आतली चटई घासून पुसत होते. येणारे-जाणारे थांबून पाहत होते.

"बाबा, काहून पुसून राहिले?" नितेशचा आवाज चढला. "लोकं पाहून राहिले ना! आपलीच गाडी हाय!"

नत्थुजींनी बसकडे नजर टाकली. देवमन खिडकीपाशी बसला होता.

"हळू बोल," ते म्हणाले. "त्याले मालूम नाही. पन या उजेडात तुया मालकाले माती दिसली, तं तो तुलेच बोलन ना."