मध्येच थांबलेले वायपर

सोड्याचं गरम पाणी मी तांब्यातून बॅटरीच्या टोकांवर ओतलं. नऊ महिन्यांत साचलेली पांढरी भुकटी फेसाळत वाहून गेली. शाल्मलीने, माझ्या लेकीने, पान्याने वायरी आवळल्या.

“आई, वायपरही बिघडलेत. बघ ना, काचेच्या मध्येच अडकलेत.”

“एकेक दुखणं काढत बसू नकोस,” मी म्हणाले. संध्याकाळी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. ती सुरू झाली तरी पुष्कळ होतं.

ह्यांच्या जागी बसून मी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. त्याच क्षणी वायपरही हलले. चैत्रातल्या रखरखीत उन्हात, कोरड्या काचेवर, आपले डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

म्हणजे ते बिघडले नव्हतेच. आषाढातल्या त्या दुपारी हे धो धो पावसातून आले, छातीत कळ आली म्हणून घाईने किल्ली काढून घरात शिरले, आणि पुन्हा आपल्या पायांनी बाहेर आले नाहीत. वायपरचं बटण बंद करायचं तेवढं राहून गेलं होतं.

मला भर उन्हात टपावर पाऊस वाजताना ऐकू यायला लागला.

“आई, बंद कर ते! कोरड्या काचेवर रबर फाटेल.”

मी उतरले. तांब्यात उरलेलं पाणी सगळ्या काचेवर ओतलं, आणि दुसऱ्या दाराने आत येऊन माझ्या नेहमीच्या जागेवर, ह्यांच्या शेजारी, बसले.