नाव न घेता

"आणि ती मुलगी," शिशिरनं माइक ओठांजवळ घेतला, आवाज अगदी मऊ केला, "घरात वडील ओरडायला लागले की बाथरूममध्ये जाते. नळ पूर्ण उघडते. रडणं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तिथून मला फोन लावते. मी काही बोलत नाही. नुसता ऐकत बसतो. प्रेमात एवढंच यावं लागतं. ऐकणं."

हे सगळं हिंदीत. घरातली मराठी शिशिर चपलांसारखी दाराशीच काढून यायचा.

काय टाळ्या पडल्या! नवा रायपूरच्या त्या कोऱ्या करकरीत हॉलमध्ये नुसता कडकडाट. स्पर्धेचा विषय होता 'प्रेम आणि भावनिक समज', आणि एवढी समज असलेला मुलगा आपण आजवर पाहिला नाही, असं परीक्षक मॅडमनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. पहिलं बक्षीस. हातात ट्रॉफी.

"ती लकी मुलगी आहे का रे इथे?" मॅडमनी विचारलं.

शिशिरनं नाव घेतलं नाही. तो फक्त लाजला आणि तिसऱ्या रांगेकडे बघून हसला.

बस! सगळ्या माना वळल्या. रोज ज्याच्या बाइकवर मागे बसून सुनीती युनिव्हर्सिटीत येते, त्याची 'ती मुलगी' दुसरी कोण असणार? मागून कोणीतरी ओरडलं, "सुनीती, पानी बचाओ!"

अख्खा हॉल हसला. मॅडमसुद्धा.

सुनीती उठली. हॉलबाहेर, कॉरिडॉरच्या टोकाला, वॉशरूम. आत शिरून तिनं कडी लावली. हात सवयीनंच नळाकडे गेला आणि पाणी धो धो पडायला लागलं.

पण रडू येईना. आत नुसता जाळ. ही गोष्ट तिनं आईला सांगितली नव्हती. एकाच पलंगावर झोपणाऱ्या बहिणीलाही नाही. एकट्या शिशिरला सांगितली होती.

दाराबाहेर पावलं वाजली. चार-पाच जणांची.

"सुनीती? बाहर आ ना. मैडम फोटो के लिए रुकी हैं. हम दोनों की."

मग शिशिर थांबला. पाण्याचा आवाज ऐकत असणार. आणि बरोबरच्यांना तो हळूच म्हणाला, त्याच स्टेजवरच्या आवाजात, "रो रही है. थोड़ा स्पेस दो उसे."

"कितना समझता है यार," एक पोरगी म्हणाली.

सुनीतीनं नळ बंद केला. कडी काढली. दारात उभी राहिली. चेहरा कोरडा ठणठणीत.

"मी रडून नाही राहिली," ती म्हणाली. "तुले पाणीच ऐकू येते फक्त."

"ओके. तू गुस्से में है. मैं समझ सकता हूँ. पहले गहरी साँस ले."

"श्वास चालू आहे माझा. ते स्टेजवर काहून सांगितलं?"

"नाम लिया क्या मैंने?"

"किती गर्लफ्रेंड आहेत तुझ्या?"

कोणीतरी खुदकन हसलं. शिशिरही हसला, लहान मुलीला समजावतात तसा. "देख, तू पर्सनली ले रही है. ऐसी बातों से लोगों को मदद मिलती है."

"अच्छा? मदत होते?" सुनीती घोळक्याकडे वळली. तिचा आवाज माइकशिवायही कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "मग मीही करते थोडी मदत. नाव न घेता. एक पोट्टा आहे. लोकांसमोर लय शांत. पण घरी याचा मोठा भाऊ आला ना, की हा पोट्टा..."

शिशिरचं हसू गेलं. मऊ आवाज गेला. ट्रॉफी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. आणि दाराशी काढून ठेवलेली मराठी धावत आली.

"सुनीती! हळू बोल ना! लोक ऐकून राहिले!"

सगळ्यांचे कान तिच्याकडे. एका मुलीनं तर मोबाइल वर धरला होता. पुढचं वाक्य सुनीतीच्या जिभेवर तयार होतं. शिशिरला युनिव्हर्सिटी सोडेपर्यंत पुरलं असतं, असं.

तिनं ते गिळलं. आजवर गिळलेल्या सगळ्या वाक्यांत ते सर्वांत कडू होतं.

मग समोरच्या दाराकडे बोट दाखवलं.

"ते जेन्ट्स आहे," ती म्हणाली. "जा. नळ पूर्ण उघड."