नकाशाप्रमाणे परत

“मामा, या भिंतीत दार आहे,” ती म्हणाली.

सुतारमामांनी हातातली पटाशी खाली ठेवली. आधी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “ताई, पांढरीफेक, सरळसोट भिंत आहे ही. सात वर्षं तिच्यापुढे मांडणी उभी होती. आज मांडणी काढली म्हणून तिला दार फुटेल होय?”

“नकाशात आहे.” तिने करारनाम्याचं शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं.

वर्गात टांगायचे मोठे नकाशे काढून शाळांना पुरवायचे, हा तिचा धंदा. जमीन आणि नकाशा यांच्यात फरक पडला तर आधी जमिनीवर संशय घ्यायचा, इतकी ती त्यात मुरली होती. आणि अट सोळा स्पष्ट होती : ‘जागा सोडताना भाडेकरूने सर्व फेरफार काढून टाकावेत व जागा सोबतच्या नकाशाप्रमाणे मालकाच्या ताब्यात द्यावी.’

मालक म्हणजे अटींचा माणूस. साधा खिळा ठोकायचा तरी अर्ज लागे. मांडणी केली तेव्हा ते स्वतः टेप घेऊन आले होते आणि दोन बोटं जास्त भरली म्हणून फळी कापायला लावली होती. आज चार वाजता ते जागा ताब्यात घ्यायला येणार होते. नव्या जागेच्या मालकाला त्यांचं पत्र हवं होतं. पत्र नाही तर किल्ली नाही. सामान तर खाली टेम्पोत चढलं होतं.

पण पत्रापेक्षाही तिच्या मनाला दुसरंच लागून राहिलं होतं. सुरुवातीला पाच मालकांनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. एकटी बाई, रंगांचे डबे, जामीन राहायला कोणी नाही. या सहाव्याने फक्त तिचा एक नकाशा मागितला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “नदी सुबक काढलीय. सोमवारपासून या.” ज्याने पायावर उभं केलं, त्याच्या कपाळाला जाताजाता आठी पडायला नको.

“आधीच्या कुणी भाडेकरूने बुजवलं असणार,” ती म्हणाली. “आणि खापर फुटणार माझ्या डोक्यावर. मामा, वाजवून तरी बघा.”

मामांनी भिंत वाजवली. ठक्. ठक्. आणि मग, पोकळ.

“अरेच्चा!” मामा म्हणाले. “माझी साठ वर्षं फुकट गेली म्हणायची.”

रंगाखाली फळ्या निघाल्या. फळ्यांमागे दार निघालं, पितळी मुठीचं. तिने मूठ फिरवली. दार जराही कुरकुरलं नाही. तिने बिजागरीवर बोट फिरवलं, तर बोटाला तेल लागलं. ताजं.

पलीकडे पुस्तकबांधणीचं दुकान होतं. बांधणीवाले तिला जिन्यात भेटत, मान हलवत आणि पुढे जात. ओळख तेवढीच. त्यांच्या खोलीत छतापर्यंत कागदांचे गठ्ठे होते, पण या दारापुढची जमीन मात्र मोकळी, झाडून ठेवलेली. ते सुई-दोरा हातात घेऊन उभे राहिले होते.

“दादाने उघडायला सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“कोण दादा?”

तेवढ्यात मागून टेप खाली पडल्याचा आवाज झाला. मालक आले होते.

“हे कोणी काढलं?”

“मी, काका,” तिने करारनामा पुढे केला. “अट सोळा. नकाशाप्रमाणे जागा परत...”

मालक तिच्याकडे बघतच नव्हते.

“वडिलांची जागा वाटून घेतली, त्या दुपारी तू फळ्या ठोकल्यास,” बांधणीवाले म्हणाले. “माझी मोठी कात्री तुझ्या बाजूला राहिली.”

“मग मागायला यायचं होतंस.”

“मला वाटलं, तू द्यायला येशील.”

“धाकटा कोण? तू का मी?”

“मोठा कोण, दादा?”

मालक उंबरा ओलांडून पलीकडे गेले. टेप पडला होता तिथेच राहिला. मोजायचं कुणाला सुचलं नाही.

ती आणि मामा जमिनीवर बसून खिळे गोळा करत राहिले. पलीकडून आधी चढलेले आवाज आले, मग नुसतं नाक शिंकरणं, मग हसणं. मामांनी तिच्याकडे बघून भुवई उंचावली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

अर्ध्या तासाने मालक बाहेर आले. डोळे लाल. हातात पत्र, बांधणीच्या जाड कागदावर लिहिलेलं : ‘जागा अटींप्रमाणे परत मिळाली. तक्रार नाही.’ शाई अजून ओली होती.

तिला इतकं बोलायचं होतं की नीट काहीच बोलता येईना. “काका, तुम्ही जागा दिलीत म्हणून मी... आणि आज चुकलंच माझं. जुना नकाशा चुकून जोडला गेला असणार. हात लावण्याआधी मी विचारायला हवं होतं.”

मालकांनी एकदा मागे दाराकडे पाहिलं. धाकट्याला ऐकू जाणार नाही इतका आवाज खाली आणला. सात वर्षं ते तिला ‘तुम्ही’ म्हणत आले होते.

“अगं पोरी, वीस वर्षांत चार भाडेकरू झाले. चौघांच्याही करारनाम्याला मी मुद्दाम हाच नकाशा जोडला. शेवटचं पान वाचणारी तू पहिली.”